परिचर्येचे वैयक्तिक तत्त्वज्ञान : दोन पानांत काय लिहावे?

प्रश्न असा आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला ‘माझे परिचर्याविषयक तत्त्वज्ञान’ या विषयावर दोन पाने लिहून द्यायची आहेत. वर्गातल्या बहुतेकींच्या कागदावर सेवाभाव, करुणा आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे तिन्ही ठरलेले आहेत. आपणही तेच लिहावे का आणि लिहिल्याने प्रत्यक्ष कामात काही फरक पडतो का, असे तिने विचारले आहे. तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. स्त्रीरोग विभागातील पोस्टिंगमध्ये एका अविवाहित तरुणीच्या गर्भपाताच्या वेळी तिला मनातून बरे वाटले नाही. घरातून आलेली मूल्ये आणि ड्यूटीवरचे काम यांचा मेळ बसत नसेल तर काय करावे?

शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून सुरुवात करून पुढे परिसेविका म्हणून वॉर्ड सांभाळताना आणि विद्यार्थिनींना खाटेजवळ शिकवताना जे दिसत आले, त्यावरून हे उत्तर देत आहे.

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘फरक पडतो’ असेच आहे, मात्र कागदावर स्वतःचे गुण न लिहिता निर्णय लिहिले तरच. ‘मी प्रत्येक रुग्णाशी करुणेने वागेन’ हे वाक्य कोणालाच खोडून काढता येत नाही आणि म्हणूनच त्याचा काही उपयोग होत नाही. ‘बेशुद्ध रुग्णाला हात लावण्यापूर्वी मी त्याला नावाने हाक मारून काय करणार आहे ते सांगेन’ हे वाक्य मी पाळते की नाही, हे शेजारच्या खाटेवरचा माणूसही सांगू शकतो. तत्त्वज्ञान म्हणून जे लिहाल ते असे तपासता येण्याजोगे असावे.

नाइटिंगेल यांचे नाव घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण त्यांच्या कामातले नेमके काय आपण घेतो ते लिहा. क्रिमियन युद्धात १८५४ साली त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या, हे सगळ्यांना पाठ असते. सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरत आहेत, हे त्यांनी मृत्यूंची आकडेवारी मांडून आणि आकृत्या काढून सरकारला पटवले, ही गोष्ट मात्र दिव्याच्या चित्रामागे झाकली जाते. दीपप्रज्वलनाच्या समारंभात आपण जी शपथ घेतो तीही त्यांनी लिहिलेली नाही. ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली. त्या शपथेत डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन आहे, आणि आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या १९५३ च्या पहिल्या आचारसंहितेतही डॉक्टरांचे आदेश समजून-उमजून व निष्ठेने पाळण्याचे बंधन होते. १९७३ मध्ये ही संहिता नव्याने लिहिली गेली तेव्हा परिचारिकेची पहिली जबाबदारी, जिला किंवा ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या व्यक्तीप्रती आहे, असे स्पष्ट करण्यात आले. आपल्या व्यवसायाने आपली निष्ठा कोठून काढून कोठे ठेवली, हे ज्या विद्यार्थिनीला कळले तिला निम्मे तत्त्वज्ञान आपोआप सुचते. डोस चुकीचा वाटला तर इंजेक्शन भरण्यापूर्वी डॉक्टरांना पुन्हा विचारणे हा आगाऊपणा ठरत नाही, याचा आधार या बदलात आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. पक्षाघात झालेले, बोलू न शकणारे, वजनाने भारी असे एक वयस्कर गृहस्थ खाटेवर आहेत असे समजा. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची आहे. हे काम दोघींचे आहे. वॉर्डातल्या मावशींना हाक मारावी लागते. आधी पडदा ओढायचा, मग ‘बाबा, आता तुम्हाला डाव्या कुशीवर करतो आहोत’ असे सांगायचे, मग ड्रॉ शीटने (रुग्णाच्या अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीने) उचलून सरकवायचे. अंग ओढून सरकवले तर चादरीवर कातडी घासली जाते आणि आतल्या थरांवर ताण येतो, म्हणून उचलणे महत्त्वाचे. पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशांचा कल द्यायचा, पोटरीखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवायच्या, चादरीची सुरकुती काढायची, कॅथेटरची नळी मांडीखाली दबलेली नाही ना ते बघायचे. माकडहाडावर लाली दिसली तर बोटाने दाबून पाहायचे. दाब काढल्यावरही ती तशीच राहिली तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे असे धरायचे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून ती जागा शेजारच्या भागापेक्षा गरम लागते का, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का, हे हाताने पाहावे लागते. पूर्वी अशा जागी स्पिरिट आणि पावडर लावून जोराने चोळायची पद्धत होती. लाल झालेली जागा चोळल्याने नुकसान वाढते हे समजल्यावर ती सोडून द्यावी लागली. जुनी सवय सोडण्याची तयारी हेही मूल्यच आहे, आणि ते पाळणे माझ्या पिढीला मुळीच सोपे गेले नाही.

या सगळ्यात करुणा, प्रतिष्ठा, गोपनीयता आणि ज्ञान हे चारही शब्द येऊन गेले, परंतु त्यांपैकी एकही उच्चारावा लागला नाही. पडदा ओढायला काही सेकंद लागतात. तरीही घाईत पहिल्यांदा तोच राहून जातो, कारण तो न ओढल्याने कोणताही चार्ट बिघडत नाही.

चार्टचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबते, कारण परिचारिकेच्या मूल्यांची खरी परीक्षा माझ्या मते रुग्णाच्या खाटेइतकीच नोंदींच्या टेबलावर होते. रात्रपाळी आहे, वॉर्ड भरलेला आहे, जमिनीवर गाद्या टाकलेल्या आहेत, मध्यरात्रीनंतर दोन नवे रुग्ण आले आणि एकाला रक्त चढवायचे होते. दोन वाजताची आणि चार वाजताची कूस कोणाचीच बदलता आली नाही. सकाळी सहाला हँडओव्हरपूर्वी टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वसन), इनटेक-आउटपुट (पोटात गेलेले पाणी आणि झालेली लघवी) आणि पोझिशन चार्ट (कूस बदलल्याच्या वेळा) समोर असतात आणि पेन हातात असतो. त्या क्षणी सगळे रकाने एका बैठकीत भरून टाकण्याची सवय ज्या वॉर्डाला लागते तेथे पुढे कोणत्याच आकड्यावर विसंबता येत नाही. लघवीचे प्रमाण रात्रभर समाधानकारक लिहिलेले असते आणि रुग्णाची किडनी सकाळी बंद पडत आलेली असते.

माझे मत स्पष्ट आहे: जे केले नाही ते लिहू नये, आणि का झाले नाही ते एका ओळीत लिहावे. ‘मनुष्यबळाअभावी पहाटे २ व ४ वाजता पोझिशन देता आली नाही, सहा वाजता दिली, माकडहाडावर लाली, डॉक्टरांना कळवले’ ही नोंद वरिष्ठांना आवडत नाही. यावर मेमो मिळेल या भीतीने मुली खोटे लिहितात, हे मला ठाऊक आहे. पण खोट्या पूर्ण चार्टचा अर्थ असा होतो की वॉर्डात जेवढ्या परिचारिका आहेत तेवढ्या पुरेशा आहेत. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. रात्री एकाच परिचारिकेकडे तीसहून अधिक रुग्ण असणे हे मात्र अनेक ठिकाणी कोणालाच नवल वाटत नाही. योग्य काय ते माहीत असूनही संस्थेच्या अडचणींमुळे ते करता न आल्याने जो त्रास होतो, त्याला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश म्हणून वेगळे ओळखले. हा क्लेश तुमच्या मूल्यांच्या कमतरतेतून येत नाही, मूल्ये असल्यामुळेच येतो. तो एकटीने गिळायचा नसतो. आधी इनचार्ज सिस्टरना, मग अधिसेविकांना (मेट्रनना) लेखी कळवायचा असतो, आणि त्या दरम्यान अपुऱ्या हातांनी कोणाची कूस आधी बदलायची हे धोका पाहून ठरवायचे असते. कोणाचे नातेवाईक अधिक आवाज करतात यावरून ते ठरवू नये.

मूल्य हे रोजच्या कामात कसे दिसते, याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कर्मचाऱ्याने रुग्णालयाच्या तळघरात हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, त्या त्याच रुग्णालयात राहिल्या. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या आणि नव्या आल्या. ज्यांनी त्यांना कधी हसता-बोलताना पाहिले नव्हते अशा मुलींनी त्यांना भरवले, स्वच्छ केले, वळवले. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो थांबवला. त्यांना अन्न देणे थांबवून शांतपणे मरू द्यावे, अशी याचिका एका हितचिंतक लेखिकेने केली होती; तिच्यावरील ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या शुश्रूषेचे कौतुक केले आणि इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झाला नाही, याची दखल घेतली. त्यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार या बाहेरच्या हितचिंतकाला न देता या कर्मचाऱ्यांनाच देण्यात आला. वर ज्या कामाचे वर्णन केले ते दर दोन तासांनी, चार दशके, असे मनाशी मांडून पाहा.

तथापि विद्यार्थिनी हे उदाहरण लिहितात तेव्हा त्यातील दोन गोष्टी गाळतात. एक म्हणजे हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला होता आणि कामाच्या ठिकाणी सुरक्षितता मागितली होती. सहकारी परिचारिकेची अखेरपर्यंत शुश्रूषा करणे आणि प्रशासनाकडे हक्काने सुरक्षित जागा मागणे, या दोन्ही गोष्टी त्याच समूहाने केल्या. एक पवित्र आणि दुसरी राजकीय असे मानण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, शुश्रूषा उत्तम केली म्हणून आयुष्य लांबवणे हेच नेहमी योग्य असते असे त्यातून सिद्ध होत नाही. केईएमच्या परिचारिकांनी याचिकेला विरोध केला आणि त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, परंतु तितक्याच निष्ठेने काम करणारी एखादी परिचारिका याउलट मत बाळगू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा या दोहोंना मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ करण्यात आली. कृत्रिम उपचार काढून घेण्याचा निर्णय नियमानुसार झाल्यावर परिचारिकेचे काम वाढते: तोंड ओले ठेवणे, वेदनाशामक वेळेवर देणे, घशातला स्राव काढणे, नातेवाइकांना खाटेजवळ बसू देणे. त्या वेळी स्वतःचे मत काय आहे हे नातेवाइकांना ऐकवण्याची गरज नसते.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे येते. गर्भपाताच्या वेळी तुम्हाला जे वाटले त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. घरात जे ऐकत वाढलो ते गणवेश घातल्याबरोबर निघून जात नाही. पाहायचे ते एवढेच की ते रुग्णापर्यंत पोहोचले का. ते पोहोचते ते उघड बोलण्यातून क्वचितच. ‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न चार बायकांसमोर मोठ्याने विचारला जातो. कळा येत असताना वेदनाशामक इंजेक्शन ‘देते थोड्या वेळाने’ म्हणून लांबते. कायद्याने मागितलेली नसताना आईची किंवा नवऱ्याची सही मागितली जाते. प्रत्यक्षात १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक निष्फळ ठरल्याच्या तरतुदीत ‘विवाहित स्त्री आणि तिचा पती’ यांच्या जागी ‘स्त्री आणि तिचा जोडीदार’ आले आहेत, सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असे सांगितले आहे, आणि तिची ओळख अनधिकृत व्यक्तीला सांगणे हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. शेजारच्या वॉर्डातल्या मैत्रिणीला डबा खाताना सहज सांगितलेली गोष्टही यात येते.

एवढे करूनही एखाद्या प्रक्रियेत सहभागी होणे तुम्हाला मनापासून अशक्य असेल, तर ते ड्यूटी लावली जात असतानाच इनचार्ज सिस्टरना सांगावे, म्हणजे दुसरीची व्यवस्था होते. आंतरराष्ट्रीय संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीतही सदसद्विवेकाने नकार देण्याची मुभा आहे, पण रुग्णाला वेळेवर आणि सन्मानाने शुश्रूषा मिळेल हे पाहण्याची जबाबदारी नकार देणाऱ्या परिचारिकेवरच ठेवली आहे. रक्तस्राव होत असलेली स्त्री समोर आली तर नकाराला जागा नाही. प्रक्रियेनंतरच्या देखभालीतही नाही. खाटेजवळ जाऊन चेहरा पाडणे हा नकार नसतो, तो त्या मुलीला दिलेला त्रास असतो.

हीच कसोटी इतरांनाही लावून पाहा. बेड्या घातलेला आरोपी, दारू पिऊन पडलेला आणि शिव्या देणारा माणूस, विष घेतलेली सून, एचआयव्हीबाधित रुग्ण. शेवटच्या रुग्णाच्या केसपेपरवर लाल शाईने खूण करणे, त्याची खाट कोपऱ्यात लावणे, त्याच्यासाठीच तेवढे दुहेरी हातमोजे घालणे हे प्रकार एचआयव्हीबाधितांशी भेदभावाला मनाई करणाऱ्या २०१७ च्या कायद्यानंतर तर बेकायदा आहेतच, पण त्याआधीही अशास्त्रीय होते. काळजी प्रत्येकाच्या रक्ताबाबत सारखीच घ्यायची असते. विष घेतलेल्या सुनेला ‘असं करायच्या आधी पोरांचा विचार नाही केला?’ असे विचारणारीला आपण तिला समजावतो आहोत असेच वाटत असते. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला, हे आपण अभिमानाने लिहितो. त्यांनी उचलून आणलेला मुलगा अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतला होता, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे.

वॉर्डात रोज येणारा आणखी एक पेच आहे. मुलगा बाजूला घेऊन सांगतो, ‘सिस्टर, बाबांना कॅन्सर आहे हे कळू देऊ नका.’ आणि संध्याकाळी औषध देताना बाबा विचारतात, ‘सिस्टर, खरं सांगा, मला काय झालंय?’ रोगनिदान सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे, पण खोटे बोलण्याचे काम आपलेही नाही. अशा वेळी ‘काही नाही हो, साधी गाठ आहे’ असे म्हणू नये. ‘तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय, बाबा? तुम्हाला सगळं जाणून घ्यायचंय का?’ असे विचारावे, उत्तर शांतपणे ऐकावे आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांना सांगावे की रुग्ण स्वतः विचारत आहे. मुलाशीही बोलावे, तो दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. बहुतेक वेळा बाबांना आधीच अंदाज आलेला असतो आणि मुलाला त्रास नको म्हणून तेच गप्प असतात.

त्यागाविषयी मात्र मी जरा कठोर लिहिणार आहे. ‘स्वतःचा विचार न करता सेवा’ असे वाक्य कृपया लिहू नका. सलग दुसरी पाळी करून डोळे मिटत असलेली परिचारिका इन्सुलिनची युनिटे मोजते तेव्हा धोका रुग्णाला असतो. तिची साप्ताहिक सुटी, तिचे जेवण, तिला सुई टोचल्यावर लगेच मिळायला हवे असलेले प्रतिबंधक उपचार या गोष्टी शुश्रूषेच्या दर्जाशी थेट जोडलेल्या आहेत. सेवाभावाचे कौतुक करणारे भाषण आणि रिक्त पदे न भरण्याचा निर्णय एकाच व्यासपीठावरून होताना मी पाहिले आहे.

तेव्हा लिहिताना असे करा. एखाद्या पाळीचे काम डोळ्यांसमोर आणा आणि जेथे दोन पर्याय होते त्या जागा आठवा: पडदा ओढायचा की नाही, रिकामा रकाना भरायचा की नाही, ज्येष्ठ डॉक्टरांना डोसबद्दल पुन्हा फोन करायचा की नाही, खाट क्रमांकाने हाक मारायची की नावाने. प्रत्येक जागी तुम्ही काय कराल, का कराल आणि करता आले नाही तर कोणाला सांगाल, हे साध्या वाक्यांत लिहा. पाच-सहा जागा पुरेत. घरातून, धर्मातून, शाळेतून जे मिळाले त्यातले काय उपयोगी पडले आणि काय बाहेर ठेवावे लागते, यावर एक परिच्छेद प्रामाणिकपणे लिहा. परीक्षक तोच सर्वांत लक्षपूर्वक वाचतात. मसुदा झाला की तो तुमच्या पोस्टिंगच्या वॉर्डातील इनचार्ज सिस्टरना दाखवा आणि रविवारच्या रात्रपाळीत यातले कोणते वाक्य पाळता येणार नाही ते विचारा. त्या ज्या वाक्यावर बोट ठेवतील ते खोडू नका. ते पाळता यावे म्हणून वॉर्डात काय बदलावे लागेल, ते त्याच्या खाली लिहा.